बाजू संपेपर्यंत

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

वाजला! तीस वर्षं माळ्यावर पडलेला रेकॉर्ड प्लेअर आज वाजला!

सगळं श्रेय सृष्टीचं. साताऱ्याहून दोन दिवसांसाठी आली. बापाला, पृथ्वीराजला, सांगून आलीय की आजीची तब्येत बघायला जाते. आजी ठणठणीत! नात दिवसभर माळ्यावर. दोन्ही स्पीकर मागून उघडले, उंदरांनी केलेला चिंध्यांचा संसार बाहेर काढला, नवा रबरी पट्टा चढवला, नवी सुई बसवली. संध्याकाळी चार वाजता पहिला सूर निघाला. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. पंचाहत्तरीला आलेला माणूस, डोळ्यांतून पाणी!

सृष्टीला डोळे मिटून मधोमध बसवलं. म्हणालो, ऐक, आता गिटार डाव्या स्पीकरमधून निघेल, तुझ्या डोक्यावरून जाईल, उजवीकडे उतरेल. पोरगी किंचाळलीच. "आबा! खरंच डोक्यावरून गेली!"

ही वही तिनंच दिली. म्हणाली, जुनं सगळं लिहून ठेवा. बघू.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

लिहायचं म्हटलं की शिलाँगच आठवतं. ७३ साल. सिग्नल्समध्ये होतो, वय तेवीस. आमचं गाव कुंडल सोडून मिरजेपलीकडे आगगाडीनं गेलो होतो तो फौजेत भरती व्हायला तेवढाच. टेलिफोन एक्स्चेंजमधला तिथलाच खासी ऑपरेटर बंतेई एका रविवारी त्याच्या घरी घेऊन गेला. लाकडी घर, बाहेर धुकं, आत दोन मोठे स्पीकर. त्यानं रेकॉर्ड लावली आणि माझ्या छातीत कुणीतरी हलगी वाजवायला लागलं. इंग्रजी एक अक्षर कळत नव्हतं. कळायची गरजच पडली नाही. लांब केसांचा कुणीतरी सातासमुद्रापलीकडे ओरडतोय, आणि तो माझंच ओरडतोय असं वाटत होतं.

बदली झाली तेव्हा त्याचाच जुना सेट घेऊन आलो. किर्लोस्करवाडी स्टेशनवर उतरवला, तिथून बैलगाडीत, पोत्यात भाताचा पेंढा भरून. वडील म्हणाले, "ह्या पेटीत काय हाय रं? बंदुका?"

मग लग्न. मग पृथ्वीराज, मग क्रांती. वर्षातून दोन महिने सुट्टी. त्या दोन महिन्यांतली प्रत्येक संध्याकाळ — सोप्यात चटई, मधे मी, उजवीकडे पृथ्वीराज, डावीकडे क्रांती स्पीकरला टेकून, दाराशी विजयमाला. एक बाजू बावीस मिनिटांची. बाजू संपेपर्यंत कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. आणि पोरं कशी बसायची! मांडी घालून, पुतळ्यासारखी. बर्फात, वाळवंटात, कुठंही ड्यूटीवर असलो की हेच चित्र डोळ्यांसमोर आणायचो. घर म्हणजे हे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

ठरवलं! २३ तारखेला रविवार आहे. माझा पंचाहत्तरावा. सत्कार नको, पेढेतुला तर नकोच. सगळ्यांनी जुन्या जागी बसायचं, एक अख्खी रेकॉर्ड ऐकायची, मग मटण-भाकरी. एवढंच.

पृथ्वीराजला फोन केला. "बघतो" म्हणाला. वाईला क्रांतीला केला. तिनं आधी तारीख पुन्हा विचारली. मग म्हणाली, शाळेच्या परीक्षेचं काम आहे.

विजयमालाला सांगितलं तर तिनं भाकरी उलटली आणि "बरं" म्हणाली. बरं म्हणजे काय?

रविवार, ९ नोव्हेंबर

क्रांतीला पुन्हा फोन. येणार नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

रविवारी कसली परीक्षा?

शनिवार, १५ नोव्हेंबर

लिहू नये वाटतं. तरी लिहितो.

पृथ्वीराज सकाळीच एकटा आला. मी आपला उत्साहात. म्हणालो, बस तुझ्या जागेवर, ऐक कसा वाजतोय. तो उभाच.

"अप्पा, क्रांतीला सारखं फोन करू नका."

का म्हणून? पोटची पोरगी आहे. बापाच्या पंचाहत्तरीला पाच तास काढता येत नाहीत? माझा आवाज चढला असणार. एरवी तो मान खाली घालतो. आज घातली नाही. सत्तेचाळीस वर्षांचा, डोक्यावर पांढरे केस, आणि माझ्याकडे बघत म्हणाला —

"आम्ही गाणी ऐकत नव्हतो अप्पा. आम्ही तुम्हाला भिऊन बसत होतो."

मी हसलो. खरंच हसलो! वाटलं चेष्टा करतोय.

"तुमची सुट्टी सुरू झाली की आम्ही दिवस मोजायचो. ती संपायला किती उरले ते."

मग एक एक सांगत गेला. तो नऊ वर्षांचा असताना गुडघा हलला, सुई उडाली, मी कमरेचा पट्टा काढला. मागच्या दारापर्यंत मारत नेलं. त्या रेकॉर्डवरचा ओरखडा मला आठवतो — दुसऱ्या गाण्याच्या शेवटी, टक टक वाजतो. पट्टा आठवत नाही! देवाशपथ आठवत नाही!

मग म्हणाला, "आणि क्रांतीचा कान."

क्रांतीला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणापासून. विहिरीत पोहून पाणी गेलं, पू झाला, पडदा गेला. मला तसंच पत्र आलं होतं. मी उलट टपाली विजयमालाला झापलं होतं, पोरीला विहिरीवर सोडलीसच कशी म्हणून.

"विहीर नव्हती अप्पा. तुम्ही इथंच होता. मे महिना, ८७ साल. तिचा कान सकाळपासून ठणकत होता. त्या दिवशी तुम्ही दोन्ही बाजू लावल्या, त्या झाल्यावर दुसरी रेकॉर्ड लावली. ती स्पीकरला टेकून बसली होती. रडायची सोय नव्हती. कान फुटला तिथंच. फ्रॉकवर रक्त आणि पू. तुमचे डोळे मिटलेले होते."

सहा वर्षांची होती.

"चार दिवसांनी तुम्ही ड्यूटीवर गेलात. तोपर्यंत तिच्या डोक्याला ओढणी बांधून ठेवली होती. तुमच्यादेखत डॉक्टरकडे न्यायची कुणाची छाती नव्हती. नंतर मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला."

चहा न घेता गेला. मी खुर्चीतच. ओढणी मला आठवते! मी तिला म्हणालो होतो, काय गं, म्हातारी झालीस का!

रविवार, १६ नोव्हेंबर

विजयमालाला विचारलं. परसात भांडी घासत होती. म्हणालो, पृथ्वीराज बोलला ते खरं आहे?

हात थांबले. वर बघितलं नाही. "खरं हाय."

"मला का नाही सांगितलंस?"

"कवा सांगायचं? तुमी दोन म्हयनं घरात. त्यात तुमाला हसतं ठेवायचं का पोराचं गाऱ्हाणं करायचं?" मग म्हणाली, "तुमी वायट न्हवता. पण तुमी आला की घराचा श्वास आडकायचा."

अठ्ठेचाळीस वर्षांपेक्षा जास्त संसार झाला. हे वाक्य आज ऐकलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

प्लेअरवर चादर टाकली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

वाईला जाऊन आलो. एकटा. कराडला एसटी बदलली, साताऱ्यात बदलली. साताऱ्याच्या स्टँडवर पृथ्वीराजला फोन करावा वाटलं. केला नाही.

क्रांती शाळेतून घरी आली तर मी पायरीवर बसलेलो. घाबरली. "अप्पा! आई बरी आहे ना?" पोरीला बाप दारात दिसला आणि पहिलं मनात आलं ते हे.

तिनं पोहे केले. मी तिच्या डाव्या हाताला बसलो होतो. तिनं आपली खुर्ची उचलली आणि माझ्या पलीकडे ठेवली. आयुष्यभर हेच करत आली असणार. मी बघितलंच नाही.

मग बोललो. बसमध्ये काय काय ठरवलं होतं, सगळं विसरलो. एवढंच निघालं — "क्रांते, तुझा कान माझ्यामुळं गेला. मला परवा कळलं."

ती ताटलीतले शेंगदाणे बाजूला करत बसली.

"दादानं सांगायला नको होतं. तुमचं वय झालंय."

"मला शिव्या घाल."

"येत नाहीत अप्पा. तुमच्यासमोर आवाजच फुटत नाही. वर्गात साठ पोरं गप्प करते. तुमचा फोन आला की अजून उभी राहते."

मी ऐकत होतो.

पुढं म्हणाली ते मला अपेक्षित नव्हतं. "गाणी मला आवडायची. खरंच. भीती गाण्यांची नव्हती. सृष्टी परवा फोनवर सांगत होती, गिटार डोक्यावरून जाते म्हणून. म्हणजे नेमकं काय होतं अप्पा? मला ते कधी कळलंच नाही."

काय सांगू? एका कानाच्या माणसाला कसं सांगणार? जिचा कान मी घेतला तिला? मग रडलो. पोरीसमोर पहिल्यांदा. तिनं पाणी आणून दिलं. जवळ घेतलं नाही. बरोबर केलं.

"तू कुणालाच का नाही बोललीस त्या दिवशी?"

"नाही बोलले कुणाला. लहान होते."

निघताना म्हणालो, रविवारी येऊ नकोस. मनापासून सांगतो. तिनं मान हलवली. एसटी सुटेपर्यंत थांबली मात्र.

रविवार, २३ नोव्हेंबर

क्रांती आली!

जावयाबरोबर, साडेअकराला. पृथ्वीराज, सून, सृष्टी आदल्या दिवशीच आले होते. मी प्लेअरवरची चादर काढली नव्हती. क्रांतीनंच काढली. म्हणाली, "लावा. हळू लावा."

कुणाला जागा सांगितल्या नाहीत. म्हणालो, ज्याला वाटेल तेव्हा उठा, बोला, काय हवं ते करा. क्रांती दूर खिडकीत बसली, चांगला कान आत करून. पृथ्वीराज मुद्दाम उभा.

तिसऱ्या गाण्यात, ऐन गिटारच्या तुकड्यात, क्रांती उठली आणि तरातरा माझ्यासमोरून आत गेली.

आणि मला राग आला.

खोटं लिहायचं नाही. राग आला! सगळं कळून, वाईला रडून, पंचाहत्तर वर्षांचा होऊन, मान झटकन वळली आणि डोळे वटारले गेले. तिनं बघितलं नाही. पृथ्वीराजनं बघितलं. त्याचा हात सृष्टीच्या खांद्यावर गेला, आडोशासारखा. माझ्यापासून! तेव्हा स्वतःला बघितलं. हाच तो माणूस. ह्याच माणसाबरोबर ही माणसं राहिली.

मी उठलो आणि सुई उचलली. गाण्याच्या मधेच. जन्मात पहिल्यांदा.

घर एकदम गप्प. सगळे माझ्याकडे बघतायत, आता काय म्हणून. क्रांती आतून धावत आली, हातात तांब्या. "काय झालं?"

"काही नाही," म्हणालो. "मला तुमचं बोलणं ऐकायचंय."

कुणाला बोलायला सुचेना. शेवटी सृष्टी म्हणाली, "आबा, मग मटण तरी वाढा!" पृथ्वीराज फिस्सकन हसला. मग जेवायला बसलो. कालवण तिखट झालं होतं म्हणून क्रांतीनं आईला टोकलं, सुनेनं क्रांतीची री ओढली, एकाच वेळी चारजण बोलत होते. मला निम्मं समजलं नाही. गप्प बसून जेवलो. निघताना क्रांती पाया पडली नाही. दारात म्हणाली, "अप्पा, पुढच्या महिन्यात येते. पोरं घेऊन."

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळी विजयमाला मेथी निवडत बसली होती. म्हणाली, बसा, एक सांगायचंय.

"पोरगी बोलली हुती त्या दिवशी. मला. सरकत सरकत दारापतुर आली, पदराला धरून म्हणली, आये, कान. मी तिचं त्वांड दाबलं आन् परत तिच्या जागंला बशीवलं. पेटीजवळ. तुमचं डोळं उघडतील म्हणून."

मी म्हणालो —

"तिला आठवतंय?"

"सगळं. आडतीस वर्सं तिनं माझं नाव कुणाला सांगितलं न्हाई. दादाला बी न्हाई."

मेथीची पेंडी मांडीवर तशीच. मी विचारलं — विचारायला एवढी वर्षं लागली — "अजून भ्या वाटतं माझं?"

तिनं पेंडी मांडीवरून खाली ठेवली.

"आत्ता सांगंस्तवर वाटत हुतं."