आई स्टेअरिंगवर बसली

प्रिय आण्णा,

फोन केला की आत्या उचलते आणि तिच्यासमोर तुम्ही नुसतं हं हं करता, म्हणून हे पत्र. हात थरथरायला लागले म्हणून तुम्ही वैरागला जाऊन बसलात, त्याला दोन महिने झाले. गॅरेज मी एक दिवसही बंद ठेवलेलं नाही, हे आधी ऐका.

परवा मैंदर्गीचे गुरप्पा मास्तर त्यांची जुनी पांढरी गाडी घेऊन आले. आता गाड्या मीच बघते म्हटल्यावर निघालेच होते की! मी गाडीला आडवी उभी राहिले. काय होतंय तेवढं तरी सांगा म्हटलं. साठच्या पुढं स्टेअरिंग थरथरतं, चार बोटं फिरवावं तेव्हा कुठं चाक वळतं, खड्ड्यात धाडकन आवाज येतो.

आत्याचा दिपक तिथंच होता, गॅरेज बघायला आला होता म्हणे. त्यानं बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, स्टेअरिंग बॉक्स गेलाय, नवा टाका. असा राग आला मला! पण खरं सांगते, घाईत मीही चुकले. जॅकवर उचलून चाक हलवलं, काहीच वाजेना. दिपक फिदीफिदी हसला.

मग तुमची पद्धत आठवली. गाडी जमिनीवर, वजनासकट. मला आत बसवून तुम्ही स्टेअरिंग थोडं थोडं हलवायला लावायचात आणि खाली शिरून एकेका जोडावर हात ठेवायचात. आयटीआय पास झाले तरी खाली शिरायचे ते तुम्हीच, मी आपली स्टेअरिंगवर. दिपकला बस म्हटलं तर तो फोनमध्ये. शेवटी डबा घेऊन आलेल्या आईलाच बसवलं. जन्मात तिनं स्टेअरिंगला हात लावला नव्हता. मोडंल की गं, मोडंल की गं, करत हलवत होती बिचारी. उजव्या चाकाजवळचा जोड, टायरॉड एंड, माझ्या तळव्याखाली कट्कन वाजला. बॉक्स ठणठणीत! बॉनेटचा कोपरा दाबून सोडला तर गाडी डुलतच राहिली, म्हणजे शॉकअपही गेलेला. दोन्ही बदललं, अलाइनमेंट करून आणली. मास्तर एमआयडीसीपर्यंत चक्कर मारून आले आणि म्हणाले, अय्यो, सरळ जातीय की! दिपक तोवर पसार झाला होता.

आता मुद्द्याचं. दसऱ्याला गॅरेजची किल्ली दिपकला द्यायची, असा शब्द तुम्ही दिलाय, हे आत्याकडून कळलं. किल्ली माझ्याकडे आहे आणि मी ती देणार नाही. तुम्ही मागितली तरी नाही. रागवायचं तर रागवा, आईही माझ्याच बाजूला आहे. हात चालत नाहीत म्हणून आपण संपलो, असं तुम्ही परस्पर ठरवलंत, त्याचा मला लई राग आहे आण्णा. आई स्टेअरिंग फार जोरात हलवते. मला थोडंसंच हलवणारं माणूस पाहिजे, तुमचा हात थरथरतो ना, तेवढंच. सोमवारी या आणि आत बसा. गाडीखाली मी शिरते.

तुमचीच,
राजश्री