गॅलरीतून फेकलेला टेप

धाकट्या,

तू गॅलरीतून फेकलेला टेप दुरुस्त झालाय. रबरी पट्टे नवे घातले, हेड स्पिरिटने पुसलं, स्पीकरच्या सुटलेल्या तारेला डाग दिला. चांगला वाजतो. चेपलेला कोपरा मुद्दाम तसाच ठेवलाय. महिनाभर तुझ्यासमोर जोडत बसलो, पण "दादा, चुकलं" एवढं काही तुझ्या तोंडून निघालं नाही. उलट काल म्हणालास, "टाक की भंगारात, नवा घेऊ!"

मी आवाज मोठा ठेवतो म्हणून तू भडकलास. मला कमी ऐकू येतं, हे तुला ठाऊक होतं.

टेप घेऊन ताईकडे राहायला चाललोय. तिथे कोणी ओरडणार नाही, ती माझ्याहून बहिरी. गॅस बंद केलाय. घर आता शांत आहे, पोटभर ऐक.

दादा