खेळाच्या मशीनचं कुलूप

७ जुलै २०१९, रविवार

मशीन आलं. पुनमच्या भावाने, मुकुलने, पुण्याहून एसटीच्या पार्सलने पाठवलं. स्वतःला नवं घेतलं, जुनं भाच्याला. श्रीनाथला दहावीला चौऱ्याण्णव टक्के पडले त्याचं बक्षीस म्हणे. अकरावीच्या तोंडावर, लातुरात राहणाऱ्या पोराला, गेमचं मशीन! मामा लोकांना काय जातं.

श्रीनाथने दहा मिनिटांत टीव्हीला जोडलं. सोबत चार डिस्क. तीन साध्या — फुटबॉल, गाड्यांची शर्यत, कसलीशी कोडी. चौथीच्या डब्यावर ठळक अठराचा आकडा. पोरगं सोळाचं.

पुनमने डबा उलटासुलटा करून पाहिला. "असलं बनवायचंच कशाला म्हणते मी? मशीनमध्ये नसतंच, तर हे अठरा लिहायची पाळी आली नसती."

मी म्हणालो, मशीन काय फक्त पोरांसाठी असतं का? तुझा भाऊ चौतीसचा आहे, तोच खेळतो. त्याने काय आयुष्यभर फुटबॉल खेळायचा? काडेपेटी घरात असतेच, आपण ती वर ठेवतो. "ठेवा मग वर," म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली. तिच्याकडून विषय संपला.

९ जुलै

मशीनच्या सेटिंगमध्ये शिरलो. व्यवस्था चांगली आहे. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं, प्रत्येकाचं वय टाकायचं, त्या वयाला चालतं तेवढंच मशीन उघडतं. बदलायचं तर चार आकडी नंबर लागतो. शिवाय दर रविवारी माझ्या मेलवर अहवाल — कोण, कधी, काय खेळलं, कुणी काय बदललं.

वाचून हसू आलं. ही तर माझीच नोकरी! मेडिकल प्रवेशाच्या क्लासचा टेस्ट विभाग माझ्याकडे. पोराने हजेरीचा अंगठा लावला की बापाला मेसेज, नाही लावला की मेसेज, मार्क लागले की मेसेज. निलंगा, अहमदपूर, मुदखेड कुठे कुठे माझे मेसेज जातात. अकराशे घरांत रविवारची भाजी गोड लागणार की कडू, ते मी ठरवतो.

श्रीनाथचं वय सोळा टाकलं. पुनम आणि मी मोठे. करार तोंडी झाला: रविवारी टेस्ट झाल्यावर दोन तास. नंबर फोडला तर मशीन लगेच परत मामाकडे. "चालतंय," म्हणाला. एवढ्या सहज म्हणाला की मलाच वाटलं, अजून एखादी अट घालायला हवी होती.

१४ जुलै

टेस्ट. सातशेवीसपैकी चारशे अठ्ठ्याऐंशी. दोन तास फुटबॉल. मीही एक गोल केला, स्वतःच्याच जाळीत.

२८ जुलै

क्लासमध्ये पालकसभा. निलंग्याकडचे शिवप्पा म्हणून एक गृहस्थ उभे राहिले. पोरगा इथे खोली करून राहतो. "सर, ही गेमची मशीनं सरकारनं बंदच करावी बघा. आन् तवर तुमी क्लासचा नियम करा." टाळ्या पडल्या. बंद करा म्हटलं की टाळ्या पडतातच. सेटिंग उघडून बघा म्हटलं तर कोणी टाळ्या वाजवत नाही, कारण मग घरी जाऊन काम लागतं.

हे सगळं मी मनात म्हणालो. संचालक सरांनी नोटीस लिहायचं काम माझ्याकडेच दिलं. 'पालकांनी घरात खेळाची यंत्रे ठेवू नयेत.' स्वतःच्या हाताने लिहिली, खाली सही सरांची. घरी आलो तर मशीनवर पुनमने क्रोशाचा रुमाल झाकलेला. धूळ बसते म्हणे.

११ ऑगस्ट

श्रीनाथ चौथ्या डिस्कच्या मागे लागला आहे. महिन्यात ही तिसरी वेळ. "वर्गातले सगळे खेळायलेत, बाबा." सगळे म्हणजे तीन, हे मला माहीत आहे.

सरळ नाही म्हणालो नाही. न बघता नाही म्हणणं मला पटत नाही, आणि डब्यावर कुणी अठरा लिहिलं म्हणून मी डोळे मिटून मान डोलवावी हेही नाही. आधी मी बघतो, मग ठरवतो. तो खूश झाला. पुनम म्हणाली, "बाप बसणार आता गेम खेळत. लातूर पॅटर्न."

२५ ऑगस्ट

विचित्र प्रकार. पुढच्या रविवारी बसतो ती डिस्क घेऊन, असं सांगितलं, तर श्रीनाथ म्हणतो, "राहू द्या बाबा. नको मला ती."

का रे? महिनाभर डोकं खाल्लंस ना?

"बोअर आहे. मित्राच्या मोबाईलवर व्हिडिओ बघितला तिचा."

घ्या! मशीनला कुलूप, खाती, अहवाल — आणि मोबाईलला दारच नाही. मशीन निदान वय तरी विचारतं. पुनमला हे सांगितलं तर ती म्हणाली, मोबाईलही बंद करा.

काय आहे त्यात एवढं, म्हणून विचारलं. "काही नाही. मारामारी." बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. पोरं अशी नजर चुकवतात ती कशामुळे, हे मला शिकवायला नको. एकोणीस वर्षं क्लासमध्ये हेच बघतो आहे.

१ सप्टेंबर, रविवार

फोडला.

सकाळी मशीनचा अहवाल आला: 'बुधवार, २८ ऑगस्ट, संध्याकाळी ५.४०. कुटुंबाच्या सेटिंगमध्ये बदल.' त्या वेळी मी क्लासमध्ये, पुनम भाजीला.

नंबर काय ठेवला होता मी? ३००९. एटीएमला तोच, मोबाईलला तोच, प्रवासाच्या बॅगेलाही तोच. तीस सप्टेंबर, भूकंपाची तारीख. किल्लारीच्या माणसाला चार आकडे विचारा, दुसरे सुचायचेच नाहीत. माझ्या भावाचा तोच आहे, चुलत्याचाही. घरच्या पोराला तो ओळखायला हुशारी लागत नाही. चूक माझी आहे. पण म्हणून त्याने दार उघडावं असं होत नाही.

टेस्टहून तो यायच्या आधी मी ती डिस्क लावून पाहिली, माझ्या खात्यावर. मशीन म्हणालं, तुमच्या वयाला हा खेळ चालत नाही. चाळिसाव्या वर्षी! आत जाऊन बघतो तर श्रीनाथचं वय सोळा, जसंच्या तसं. पुनमचं बरोबर. माझं — बारा.

म्हणजे स्वतःचं वाढवायला गेला आणि घाईत माझं कमी करून बसला. चोरी करायची तर धड तरी करावी माणसाने. डिस्क खेळल्याची नोंद अहवालात नव्हती, पण ती कशी असेल, उघडलंच नसेल त्याला.

आल्यावर विचारलं. नंबर टाकलास? "हो." खेळलास? "नाही." मग टाकलास कशाला?

कॅल्शियमची गोळी गिळायला दिल्यासारखं तोंड. पुन्हा विचारलं, तर "तुम्हाला वाटतं तसं समजा."

एक क्षण वाटलं, वय परत चाळीस करावं आणि बघावं काय आहे त्यात. मग म्हटलं, आता बघून ठरवायचं काय? करार मोडला. राग चोरीचा आला नाही तेवढा त्या 'समजा'चा आला.

२ सप्टेंबर

गणपती बसले. आरती झाल्यावर मशीन खोक्यात भरलं. वायरी श्रीनाथने स्वतः गुंडाळल्या, रबर लावले, डिस्क मोजून ठेवल्या. एका शब्दाने थांबवलं नाही. मला वाटत होतं थांबवेल, माफी मागेल, मग मी थोडं ताणून धरीन. तशी वेळच त्याने येऊ दिली नाही.

एसटीच्या पार्सल खिडकीवर मीच गेलो. घरी आलो तर जिला पहिल्या दिवसापासून ते मशीन नको होतं, तीच फुगून बसलेली. "विचारा तरी त्याला नीट."

विचारलं की.

"नीट म्हणले मी."

१२ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. पुनम आणि श्रीनाथ विसर्जनाला गेले. मी जात नाही. त्र्याण्णवला विसर्जन करून घरी आलो, झोपलो, आणि पहाटे भूकंप झाला. चौदाचा होतो. पुढचं लिहीत नाही. कधीच लिहिलेलं नाही, बोललेलोही नाही, आणि कुणी विचारलेलं मला चालत नाही. पुनमला हे लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं.

१५ सप्टेंबर

चारशे एकतीस. घसरला. क्लासच्या नियमाने मेसेज बापाला गेला, म्हणजे मीच पाठवला आणि मलाच आला.

जेवताना तिघं टीव्ही बघत होतो. टीव्हीखालची जागा रिकामी, तिथे आता रुमाल नुसताच अंथरलेला. श्रीनाथ उद्धटपणा करत नाही, पाणी देतो, दळण आणतो. फक्त बोलत नाही. मला करमत नाही. एवढं कुलूप-कुलूप करत होतो, पण नंबर फोडणाऱ्याशी पुढे बोलायचं कसं ते सेटिंगमध्ये कुठे नव्हतं.

२२ सप्टेंबर

शिवप्पांचा फोन. "सर, आमच्या पोराच्या खोलीत टीव्ही न्हाई, मशीन न्हाई, साधा मोबाईल हाय. सगळं बंद करून बसलाव आमी. तरी मार्क का कमी हो?"

पोराला एकदा येऊन भेटून जा म्हणालो. दुसऱ्याला सांगायला आपल्याला बरं सुचतं.

३० सप्टेंबर, सोमवार

किल्लारी. दर वर्षीप्रमाणे सकाळी स्मारकावर गेलो, फुलं वाहिली, मग नव्या गावात भावाच्या घरी. आई तिथेच असते. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "श्रीनाथ न्हाई आला?"

तिला काय सांगायचं? पण सांगून टाकलं. मशीन, नंबर, फोडला, परत पाठवलं, बोलत नाही. आईला मशीन काय कळणार असं वाटलं होतं.

ती म्हणाली, "त्यानं फोन केलता मला. पोळ्याच्या दोन दिस आधी. आजी, बाबा भूकंपात कुठं होते, काय काय बघितलं त्येंनी, म्हून इचारत व्हता."

पोळा तीस ऑगस्टला होता. दोन दिवस आधी म्हणजे अठ्ठावीस.

"तू काय सांगितलंस?"

"सगळं सांगितलं. चांगुणाचं बी सांगितलं. तू बोलत न्हाईस म्हून म्या बी न्हाई बोलायचं का? माझी लेक व्हती ती." मग ताटात पिठलं वाढलं आणि म्हणाली, "समदं ऐकून घेतलं त्यानं. मग म्हनला, त्या खेळात तसंच हाय आजी. घरं पडत्यात. दगडं उपसून माणसं काढायची. मेलेली निघत्यात, लेकरं बी. बाबा रविवारी बघायला बसणार हायेत. त्येंना दिसू देत न्हाई मी, म्हनला."

हातातला घास ताटात ठेवला. आई म्हणाली, खा. उठून हात धुतले.

चांगुणा माझी धाकटी बहीण. नऊ वर्षांची. तिला दगडांखालून मी काढलं. सव्वीस वर्षांत हे पहिल्यांदा लिहिलं.

येताना जीपमध्ये पुढची जागा मिळाली, तरी मागे जाऊन बसलो. कुणाशी बोलावं लागू नये म्हणून. अकराशे बापांना त्यांच्या पोरांची खबर देणारा मी. माझ्या पोराने एकच सेटिंग बदलली, ती मी डोळ्यांनी पाहिली, आणि त्यालाच चोर ठरवलं. फार लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर, इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

१ ऑक्टोबर

श्रीनाथ क्लासहून आला. जवळ बसवलं. आजीने सांगितलं म्हणालो. त्याने मान खाली घातली.

मला का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं तर का लावलं कुलूप, ते पण सांगावं लागलं असतं. तुम्हाला ते चालत नाही ना."

माफी मागितली मी. मग विचारलं, पण बाराच का टाकलंस? सतरा टाकलं असतंस तरी ती डिस्क उघडली नसती.

"तुम्ही चौदाचे होता ना तेव्हा," तो म्हणाला. "त्याच्या आधीचं टाकलं."

पुनमला हाक मारून बाहेर बोलावलं. टीव्ही बंद केला. चांगुणापासून सुरुवात केली.