मेमरीसाठी तीन दरपत्रके

चि. नागसेन यांस,

सप्रेम जयभीम. हे पत्र लिहिणारा मी, इंद्रभान तुळशीराम खिल्लारे, वाणिज्य शाखेचा पदवीधर, मेहकर येथील एका पतसंस्थेचा लेखापाल आणि आपल्या थोरल्या भगिनीचा पती. पत्राचा हेतू असा की, आपण पुण्याहून फोनवर "भाऊजी, रॅम काय, कोणतीबी टाका" असे जे तज्ज्ञ मार्गदर्शन केले, त्याचे परिणाम आपल्या माहितीस्तव सादर करावेत. इकडे सर्व कुशल. आपल्या भगिनीचा गुडघा दुखतो, माझा रक्तदाब गोळीच्या आज्ञेत आहे आणि आपल्या पोटाचा घेर एव्हाना स्थिरावला असेल अशी आशा करतो.

चि. मंजुश्रीला पुण्याच्या एका कंपनीत इमारतींचे नकाशे काढण्याचे काम मिळाले, हे आपण जाणताच. कंपनीची अट सरळ होती: सोळा जीबी मेमरीचा संगणक शुक्रवारपर्यंत घरी चालू करून दाखवला, तर तिने मेहकरातूनच काम करावे, अन्यथा पुण्यात हजर व्हावे. मुलीने मेहकरातच राहावे असा माझा निर्णय होता. (घरात त्याला "बाबांचा हट्ट" म्हणतात. मी शब्दांवरून वाद घालत नाही.) लॅपटॉप मी मुद्दामच नाकारला. लॅपटॉप काखेत मारून माणूस कुठेही निघून जातो. डेस्कटॉप जागचा हलत नाही. तेव्हा बेताच्या खर्चात डेस्कटॉप जुळवायचे ठरले. मदरबोर्ड, प्रोसेसर, डबा हे सर्व बसस्टँडसमोरच्या सागरच्या दुकानातून विनातक्रार आले. मेमरीपाशी मात्र मी थांबलो, कारण तिचा भाव. आपण सोयाबीन विकायला नेले की भाव उतरतो आणि मेमरी घ्यायला गेलो की चढतो, यामागचे अर्थशास्त्र मला पदवीपर्यंत कोणीही शिकवले नाही. म्हणून मी रीतसर तीन दरपत्रके मागवली.

सागर म्हणाला, "काकाजी, मेमरीच्या दोन पट्ट्यांसाठी कोटेशन? शाळेची खरेदी हाये काय हे?" मी नियम समजावून सांगितला. "मंग बसा, आत्ताच देतो," असे म्हणून त्याने खणातून तीन वेगवेगळ्या दुकानांचे छापील कागद काढले आणि तिन्ही दरपत्रके एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहून माझ्यापुढे ठेवली. (आपल्या जिल्ह्यात स्पर्धा किती निकोप आहे, हे पुण्यात राहून कळायचे नाही.) उरलेल्या दोन दुकानांचे मालक कोण, असे मी विचारले. "एक माहा साळा, दुसरा त्याचा साळा. कोनालेबी इचारा, हेच भाव सांगतीन." (साळा या संस्थेविषयीचे माझे मत मी येथे नोंदवीत नाही.)

ती दरपत्रके अर्थातच फेटाळून मी चिखली, जालना आणि देऊळगाव राजा येथून नवीन मागवली. माझ्या मागणीपत्रात पोहोचवण्याची मुदत, विलंबाचा दंड, वेष्टनाची जबाबदारी, वादाचे न्यायक्षेत्र हे सर्व होते. देऊळगाव राजाचा दर सर्वांत कमी, इतका कमी की मला माझाच अभिमान वाटला. किमान दर स्वीकारणे बंधनकारक असल्याने मी तो स्वीकारला. माल एसटीने मुदतीत आला, वेष्टन निर्दोष होते. पट्टी तेवढी बोर्डात बसेना. मी जोर लावला, तसा जोडणीसाठी घरी बोलावलेला सागर ओरडला, "काकाजी, दाबू नका! हे डीडीआर थ्री हाये, तुमचा बोर्ड फोर मांगते. खाच पाहा ना, इकडची तिकडं हाये. बोर्ड फुटन!" मेमरीच्या पिढ्या असतात आणि एका पिढीची पट्टी दुसरीच्या जागेत बसत नाही, हे मागणीपत्रात लिहायचे राहिले होते. पुरवठादाराने अटींचा भंग केला नसल्याने दंडही लावता येईना. मी फेरदरपत्रके मागवली. मंजुश्री म्हणाली, "बाबा, आज गुरुवार हाये." मी तिला सांगितले की प्रक्रियेला वार नसतो.

आज शनिवारी सागरने आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, त्याच्याच दुकानातल्या, बोर्डावरच्या दोन्ही घरांत बसवल्या. "जोडीनं टाकल्या का जादा पळते," असे त्याचे म्हणणे. संगणक पहिल्याच कळीला सुरू झाला. सोळा जीबी पूर्ण दिसतात. मंजुश्रीने पाहिले, "छान चालते हो बाबा" असे म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. एकंदरीत खरेदी यशस्वी झाली. (सही ताजा कलमाच्या शेवटी करीत आहे, सहीखालचा मजकूर आमच्याकडे ग्राह्य धरत नाहीत.)

ता. क. आतल्या खोलीत ती बॅग भरत होती. शुक्रवार काल होता. हे पत्र बंद पाकिटात तिच्याच हाती देत आहे, कारण डाकेने ते तिच्यानंतर पोहोचले असते. तेव्हा आपण हे वाचत असताना मुलगी आपल्या दारात उभी असेल. तिला आत घ्यावे. भाड्याची खोली वगैरे ती म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नये; मामाचे घर असताना खोलीसाठी मी दरपत्रके मागवणार नाही.

ता. क. दुसरा: जेवून आले असे ती सांगेल, ते खरे नसते. सकाळी चहाच्या आधी तिच्याशी कोणी बोलू नये. बाबा कसे आहेत असे तिने कधी विचारल्यास मजेत आहेत असे सांगावे. या विधानास आधारभूत कागदपत्रे जोडलेली नाहीत.

आपला,
इंद्रभान तुळशीराम खिल्लारे
मेहकर, जि. बुलढाणा
१७ जानेवारी २०२६