लांब कोण?

बेळगाव

ती. आईस, अंजलीचा प्रेमाचा जय भीम.

सुखरूप पोहोचले. तू तीन दिवस पुरतील एवढ्या दशम्या बांधल्यास आणि ओझरहून उडालेलं विमान पावणेपाचशे किलोमीटर कापून तासाभरात इथं उतरलंसुद्धा! दशम्या खोलीवर येऊन खाल्ल्या. रडले नाही.

नोकरी चांगली आहे. तुझा गुडघा कसा आहे? गोळ्या घेतेस ना?

विंचूरच्या काकांनी फोन करून सुनावलं, "आईला एकटीला टाकून एवढी लांब गेलीस. परत ये." मी येणार नाही! विमान रोज नसतं, हे मात्र त्यांना सांगू नकोस. एवढंच विचार, विंचूरहून आपलं ओझरही तासाभराचंच आहे. पप्पा गेल्यापासून ते किती वेळा आले?

तुझी, जवळच असलेली,
अंजली