बिनपिक्चरची रेकॉर्ड

सोलापूर, गुरुवार, ११ सप्टेंबर १९७५

प्रेमगीतांची ती नवी हिंदी रेकॉर्ड आजही खपली नाही. कव्हरवर नुसता चष्मेवाला गायक. भवानी पेठेतल्या माझ्या दुकानात गिऱ्हाईक उभ्याउभ्या अख्खं गाणं ऐकतं, मान डोलावतं, मग विचारतं, "कुटल्या पिक्चरचं हाय?" पिक्चरचं नाही म्हटलं की, "मग हिरो कोन?" मी चष्मेवाल्याकडे बोट दाखवतो. गिऱ्हाईक पायरी उतरतं. आपल्याकडे गाण्याला स्वतःचे पाय नाहीतच का? पिक्चरच्या खांद्यावर बसूनच ते गावात येणार?

चिडून रेकॉर्ड घरी आणली, लावली. बायको, महादेवी, भाकरी थापता थापता ऐकत होती. दोन्ही बाजू संपल्यावर म्हणाली, "परत लावा की."

"अगं, पण ह्याला पिक्चर नाही."

"न्हाय तेच लई बरं. पिक्चरचं गानं लागलं की त्यो हिरोच दिसतो. ह्यात आपल्याला पायजे त्यो दिसतो की."

गिऱ्हाइकाला सांगायला वाक्य फक्कड आहे. पण तिला कोण दिसला? चष्मेवाला तर नसेल? विचारायला तोंड उघडलं, तर ती तव्याकडे बघून हसत होती.

उठून तबकडी कव्हरात घातली. रेकॉर्ड उद्या दुकानात परत नेणार.