एकच बाजू मोजायची

नागाव,
२४ ऑगस्ट १९३२

प्रिय बन्यामीन,

नारळी पौर्णिमा झाली, आगबोटी सुरू झाल्या, तेव्हा हे पत्र तुला लवकर मिळेल असे वाटते. आधी कामाचे लिहिते, नाहीतर राहून जाईल. मला दोन वार मखमल हवी आहे, गर्द लाल, पातळ पाठीची. अलिबागच्या दुकानातली जाड आहे आणि राठ आहे. लहानपणी तू माझ्या मखमलीच्या तुकड्यांवर बोट फिरवून उजेडाची आणि सावलीची रेघ काढायचास. तशी रेघ जिच्यावर स्वच्छ उमटेल ती घे.

इकडे सगळे ठीक. पावसाने वाडीतल्या दोन पोफळी आडव्या केल्या. नीराबाई अजून रोज येते, पाटीतले आपल्याला चालणारे खवल्यांचे मासे आधीच बाजूला काढून आणते आणि ओटीवर टेकून गावभरच्या गोष्टी सांगते. मी ऐकते, पण अर्ध्यावर मन कुठेतरी जाते. थकले आहे मी. पेटीच्या अस्तराची खळ शिजवायची, त्यात किडीसाठी चिमूटभर मोरचूद घालायचे, गुठळी होऊ द्यायची नाही, एवढ्यानेही हल्ली पाठ भरून येते. सुईत दोरा ओवायला उजेडात जावे लागते. वयच झाले, त्याची तक्रार नाही.

परवा खळ ढवळताना सिस्टर ओडिला आठवल्या. माझे वडील पलटणीत सुभेदार, त्यांनी हौसेने मला कॉन्व्हेंटात घातले. तिथे सिस्टर आम्हा मुलींकडून शिवणाच्या डब्यांना आतून कापड लावून घेत. पुठ्ठा बाजूपेक्षा दोऱ्याएवढा लहान कापायचा, त्यावर मखमल ओढून घ्यायची, सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला वळवायची, मग तुकडा आत दाबून बसवायचा. इतके इंग्रजी, इतका भूगोल शिकले, पण संसारात उपयोगी पडली ती ही मखमल. लग्न होऊन मी एलोजी मिस्त्रींच्या घरी आले तेव्हा तुझी आजी शेजारणींना म्हणायची की आमची सून भाकरीसुद्धा कात्रीने कापते. तुझ्या बाबांनी मात्र एका संध्याकाळी नुकतीच झालेली शिसवीची पेटी माझ्यापुढे ठेवली. मी मोजपट्टी घेऊन एकेक बाजू मोजू लागले, तर म्हणाले, “एकच मोज. बाकीच्या तेवढ्याच आहेत.” मी एक बाजू मोजली, चार तुकडे कापले आणि चारही बसले. आयुष्यभर मग तेच चालले. सोनारांच्या पेट्या, वधूच्या दागिन्यांचे डबे, रेवदंड्याच्या वैद्यांची औषधांची पेटी, सगळ्यांची मी एकच बाजू मोजली. आमच्यात गोड बोलणे फारसे कधी झाले नाही. पण मला ते पुरत असे.

तू मुंबईला गेलास त्याला सहा वर्षे झाली. त्या दिवसाचे मी कधी काही लिहिले नाही, आज लिहिते. सोनाराची घाई होती, तू खाचा न पाडता खिळे ठोकून पेटी उभी केलीस, आणि गिऱ्हाइकासमोर बाबा म्हणाले, “ही पेटी नव्हे, हा खोका आहे.” तसे म्हणायला नको होते. तुझे वय तेव्हा एकोणीस, हात चांगला, आणि रात्रंदिवस राबला होतास. तू रेल्वेच्या कारखान्यात डब्यांच्या सुतारकामाला लागलास हे चांगलेच झाले. तुझी पत्रे मी मोठ्याने वाचते. बाबांच्या नावाने त्यात एक ओळही नसते, पण मी वाचायला लागले की पडवीतला रंधा थांबतो आणि वाचून संपल्यावरच पुन्हा सुरू होतो.

गेल्या दिवाळीत त्यांना ताप आला होता ते तुला कळवले होते. ताप उतरला, पण उजव्या हातातला कंप राहिला. पटाशी धरली की टोक हलते. हे मी कळवले नव्हते. तापानंतरच्या पहिल्याच पेटीला माझा चौथा तुकडा बसेना. मला वाटले मीच चुकले. कडेने थोडा कापून बसवला. पुढच्या पेटीत उलटे झाले, तुकडा सैल पडला, मागे कापूस भरावा लागला. तेव्हापासून ते बाजारात गेले की मी चारही बाजू मोजून ठेवते. कापूस आणि मखमल मिळून बरेच काही झाकतात, गिऱ्हाइकाला कळत नाही.

आता मात्र झाकता येणार नाही असे काम आले आहे. आपल्या प्रार्थनालयातल्या सेफेर तोराची, आपल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळीची, लाकडी पेटी वाळवीने खाल्ली. प्रार्थनालयाचा कारभार पाहणारे मुकादम हसाजी घरी आले, म्हणाले, मुंबईहून नवी मागवू. बाबांनी त्यांना वाक्य पुरे करू दिले नाही. नव्याच्या सणापर्यंत, आपले नवे वर्ष लागायच्या आत, देतो म्हणाले. ती पेटी तुला आठवत असेल, आठ फळ्यांची, उभी, दारासारखी मधून उघडणारी. आठही कडा एकमेकींना भिडल्या पाहिजेत. आत मखमल लावायची ती नुसती, मागे कापूस चालत नाही, नाहीतर गुंडाळी फिरवताना चामड्याचा कागद घासतो. सणाच्या दिवशी सगळ्या बेने इस्राएल मंडळींसमोर ती उघडायची आहे. फट राहिली तर बाबांना कोणी काही बोलणार नाही, आणि तेच त्यांना सहन होणार नाही.

गेल्या गुरुवारी एका सोनाराच्या डब्यावर मी मोजपट्टी धरली होती आणि ते बाजारातून लवकर परतले. दारातच उभे राहिले. म्हणाले, “चारही मोजतेस?” मी म्हटले, लाकूड पावसात फुगते. ते शांतपणे म्हणाले, “पाऊस मृगात आला. तू तर उन्हाळ्यापासून मोजते आहेस.” मग हातपाय धुऊन पडवीत जाऊन बसले. आठ फळ्या तेव्हापासून भिंतीला टेकून आहेत. दुसऱ्या दिवशी नीराबाईने विचारले, “बाय, मिस्त्रीचा रंधा आज मुका का हाय? भांडलाव काय?” मी हसून वेळ मारून नेली.

काल दुपारी मी जरा आडवी झाले होते. डोळा लागला नव्हता. बाबा आत आले आणि फळीवरचा माझा सुयांचा डबा त्यांनी उचलला. तो तुझा खोका आहे, बन्या. गिऱ्हाइकाने घेतला नाही तेव्हा मी त्याला निळे साटीन लावून ठेवून घेतला होता. त्यांनी सुया काढल्या, काटकोन तपासायचा गुण्या आणला आणि चारही कोपऱ्यांना लावून पाहिला. मी जागी आहे हे त्यांना ठाऊक असावे, कारण भिंतीकडे पाहत म्हणाले, “खिळे मारायला नको होते. पण कोपरा सरळ आहे.”

म्हणून हे पत्र. मखमल पार्सलाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. रजा मिळेल तेवढी घे, सणाला अजून महिना आहे. मी बोलावले असे म्हणू नकोस, मखमल द्यायला आलो म्हण. त्यांच्या हातातली पटाशी काढून घेऊ नकोस. आठ फळ्यांचा सांधा कसा धरायचा ते त्यांना विचार, ते सांगतील, तू कर. चिडले तर चिडू दे. पेटी उभी राहिली की मी त्यांच्यासमोर बसेन, एकच बाजू मोजेन आणि आठही तुकडे कापेन. एवढे मला अजून एकदा करायचे आहे.

आगबोटीच्या भोंग्याकडे कान लावून बसलेली,
तुझीच,
आई